वीसपैकी वीस बार

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकदा एक म्हातारा कारागीर राहत होता. लिंबाजी त्याचे नाव, पण नावाने त्याला कोणी हाक मारीत नसे. लहानथोर सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत. धंदा पिस्तुले घडवण्याचा. तीही मोठी नव्हेत. तळहातात मावतील, आणि धोतराच्या कनवटीला किंवा लुगड्याच्या ओच्यात बाळगली तर पाहणाऱ्याला पत्ता लागणार नाही, इतकी लहान. घाटात वाटमारी फार. व्यापारी, वैद्य, जासूद, ज्याला ज्याला एकट्याने घाट चढावा लागे तो तो उस्तादाच्या दारी येई.

आता कोणी म्हणेल, लहान पिस्तुलात अवघड ते काय, लोखंडसुद्धा कमी लागते! अहो, तिथेच तर खरी गोम आहे. मोठ्या बंदुकीत थोडे उणेअधिक खपून जाते. लहान पिस्तुलाला ही चैन परवडत नाही. त्याची घोड्याला रेटणारी कमान नाजूक, घोडा नाजूक, आणि राहायचे कुठे, तर घामाच्या, धुळीच्या आणि कपड्याच्या लवेच्या सोबतीला. सहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि एके दिवशी धनी त्याला एकाएकी बाहेर काढतो आणि म्हणतो, बोल! त्या वेळी ते बोलले नाही, तर धनीही पुन्हा कधी बोलत नाही. म्हणून उस्तादाचा नेम होता. पूर्ण खातरी पटल्यावाचून तो नळीवर आपला ठसा उमटवीत नसे, आणि ठशावाचून पिस्तूल उंबरठ्याबाहेर जाऊ देत नसे.

या उस्तादापाशी भिवा नावाचा शिष्य अकरा वर्षे काम शिकत होता. आईबाप साथीत गेलेले. आला तेव्हा नुकते मिसरूड फुटत होते, आता पंचविशी उलटली होती. उस्तादाला मूलबाळ नव्हते. त्याने भिवाला कधी तोंडभरून शाबासकी दिली नाही, पण तव्यावरची पहिली भाकरी भिवाच्या ताटात पडे. अशा या भिवाने अकरा वर्षांनी प्रथमच एक पिस्तूल आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने घडवले. मुठीला शिसवीचा दस्ता, आरशासारखी नळी, आणि सांधे इतके बेमालूम की नख फिरवले तरी अडू नये. भिवा झोपेतून उठला की तोंड धुण्याआधी ते पुसून ठेवी.

त्याच सुमारास मिरी-वेलदोड्यांचा एक व्यापारी आपल्या विधवा बहिणीला घेऊन उस्तादाकडे आला. बहिणीचे नाव कावेरीबाई. वैद्य नवरा वारल्यावर तिने त्याची औषधांची पिशवी खांद्याला लावली होती, आणि घाटावरच्या वाड्यावस्त्यांतून तापाने फणफणलेली लेकरे, अडलेल्या बाया पाहत ती एकटी हिंडत असे. मागल्या वर्षी वाटमाऱ्यांनी तिला दोनदा अडवले. दुसऱ्या खेपेस त्यांनी सगळी औषधे मातीत ओतली, आणि ज्या बाळंतिणीसाठी ती निघाली होती ती बाळंतीण वाचली नाही.

"उस्ताद, मला कुणाला मारायचं नाही," कावेरीबाई म्हणाली. "ह्या हाताचा तो धर्म नव्हे. पण चोर पळेल एवढा आवाज झाला पाहिजे. मी चाप ओढला आणि आवाज झालाच नाही, असं एकदाही होऊन चालायचं नाही. पुढच्या खेपेला नुसती औषधं ओतून सोडणार नाही, असं बजावून गेलेत मेले."

"घाटावर जाणं बंद कर म्हणतो, तर ऐकत नाही," व्यापारी म्हणाला.

"तू येतोस का माझ्याऐवजी बाळंतपणं करायला?" बहिणीने विचारले.

भिवाने आपले पिस्तूल आणून कावेरीबाईपुढे ठेवले. त्या काळची पिस्तुले चकमकीची. घोड्याच्या तोंडात गारेचा, म्हणजे गारगोटीचा, तुकडा धरलेला असे. चाप ओढला की गार पोलादी झाकणावर आपटायची, झाकण उघडायचे, ठिणग्या झाकणाखालच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडायच्या आणि बार उडायचा. भिवाने परसात जाऊन एकामागून एक वीस बार भरले. मध्ये एकदा गार बदलली, तेवढेच. वीसच्या वीस उडाले. चिंचेवरचे सगळे कावळे गावाबाहेर गेले.

"वा रे पठ्ठे!" व्यापाऱ्याने मांडीवर थाप मारली. "वीसपैकी वीस! हातच्या कांकणाला आरसा कशाला? उस्ताद, उमटवा तुमचा ठसा, म्हणजे आम्ही निघतो."

भिवाने उस्तादाकडे पाहिले. अकरा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, या आनंदात त्याला श्वास पुरेना. उस्तादाने पिस्तूल हातात घेतले, त्यात एक बार भरला, गोळी मात्र घातली नाही, आणि ते सरळ आपल्या कनवटीला खोचले.

"आठ दिवसांनी या," तो म्हणाला.

झाले! त्या दिवसापासून भिवाच्या जिवाला जी टोचणी लागली ती काही केल्या जाईना. उस्ताद ते पिस्तूल कमरेला लावून बाजारात गेला. वांग्याच्या वाफ्यात कुदळ मारताना घामाने निथळला, तरी पिस्तूल कमरेलाच. ते तसेच कमरेला ठेवून तंबाखू मळली, दुपारी घोंगडीवर आडवा झाला. शिसवीच्या दस्त्यावर मातीचा थर बसला. ज्या सांध्यांत भिवाने कधी केस जाऊ दिला नव्हता तिथे धोतराची लव अडकलेली त्याला लांबून दिसे.

"उस्ताद, पुसून तरी देतो," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला.

"घाटात पुसायला तू जाणार आहेस का?" उस्ताद म्हणाला आणि वाफ्याकडे निघाला.

सहाव्या दिवशी भिवाचा तोल सुटला. मनात नाही नाही ते विचार येत होतेच. म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला आहे. नाहीतर शिष्य आपल्यापुढे जातोय हे त्याला सोसत नाही. वाईट विचाराला जागा लागते ती सुईच्या टोकाएवढी, मंडळी, आणि एकदा आत शिरला की तो घरभर हातपाय पसरतो. जेवणाच्या वेळी भिवा ताटावरून उठला आणि म्हणाला,

"स्पष्टच बोलतो. माझं काम तुमच्या तोडीचं उतरलंय, ते तुम्हाला बघवत नाही!"

उस्तादाचा घास हातातच राहिला. त्याने तो ताटात ठेवला.

"अर्धी भाकरी राहिलीय तुझी," तो म्हणाला. "ती खा, मग हवं तेवढं भांड."

भिवाने खाल्ली नाही. पण बोललो ते फार लागेल असे बोललो, हे त्याला त्याच क्षणी कळले होते.

आठव्या दिवशी सकाळी व्यापारी आणि कावेरीबाई आली. उस्तादाने कनवटीचे पिस्तूल काढले. बघवत नव्हते त्याच्याकडे. घामाचे डाग, तंबाखूची भुकटी, लवेचे धागे. त्याने ते तसेच भिवाच्या हाती दिले.

"उडव."

भिवाने देवाचे नाव घेतले, घोडा चढवला, चाप ओढला. खणखणीत बार उडाला! आठ दिवस घाम आणि धूळ खाऊनही उडाला. भिवाच्या डोळ्यांत पाणी आले. आता तरी म्हातारा काय म्हणतो, या अर्थाने त्याने मान वर केली.

उस्तादाने काय करावे? खांद्यावरच्या पंच्याची किनार टरकन फाडली, भिवाचा उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि त्याचा अंगठा तळव्यावर दुमडून चिंधीने करकचून बांधला.

"अहो उस्ताद, गुरुदक्षिणेत अंगठा मागताय की काय?" व्यापारी हसत म्हणाला. बाकी कोणी हसले नाही.

उस्तादाने नवा बार भरला, घोडा स्वतः चढवला आणि पिस्तूल भिवाच्या बांधलेल्या हातात ठेवले. "दोन्ही हातांनी धर. नुसता चाप ओढ."

भिवाने चाप ओढला. खट्. आवाज झाला तो तेवढाच. पुन्हा घोडा चढवला, पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी बार उडाला, चौथ्या वेळी परत खट्. मग उस्तादाने पिस्तूल कावेरीबाईच्या हाती दिले. तिने दोनदा चाप ओढला आणि दोन्ही वेळा ते मुके राहिले. तिचा चेहरा पाहून भिवाला दरदरून घाम फुटला, कारण मनाने ती घाटातल्या कुठल्या वळणावर जाऊन उभी राहिली आहे ते त्याला दिसत होते.

"घाण गेली असेल आत," तो चाचरत म्हणाला. "आठ दिवसांची..."

"घाण घेऊनच मघाशी उडालं की." उस्तादाने चिंधी सोडली. "आता मोकळ्या हातानं उडव. पण नेमाकडे बघू नकोस. स्वतःच्या अंगठ्याकडे बघ."

भिवाने घोडा चढवला आणि खाली पाहिले. आणि त्याला दिसले. घोडा चढवून झाल्यावर त्याचा अंगठा मागे येत नव्हता. तो हळूच पुढे सरकत होता, आणि वाटीवरचे पोलादी झाकण डाव्या बाजूने किंचित खाली दाबत होता. त्या बाजूला झाकण केसभर उचललेले राहत होते. दाबले की नीट बसे आणि ठिणगी पडे. न दाबले तर गार निसटती लागे. वीसच्या वीस वेळा अंगठ्याने हे काम बिनबोभाट केले होते, आणि ज्याचा अंगठा त्याला खबर नाही!

भिवा तिथेच खाली बसला.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला," उस्ताद म्हणाला. तो भिवाच्या शेजारी जमिनीवर टेकला, गुडघे दुखत होते तरी. "तेव्हाच सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, गार जुनी होती, हवा दमट होती. म्हणून आठ दिवस कमरेला बाळगलं. घाम, धूळ, लव, सगळ्यांतून ते पार पडलं. नळी उत्तम, कमान उत्तम. राहिला तो हा एकच दोष, आणि तो तुला दिसणं शक्यच नव्हतं, कारण तू तो रोज झाकत होतास. लबाडी नाही रे केलीस तू. लबाडी करणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं. ही माया आहे. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्या उण्यावर आपलं बोट आपसूक जाऊन बसतं, आणि मग आपणच जगाला सांगतो, बघा, कुठं काही कमी आहे का! पण भिवा, हे पिस्तूल तुझ्याजवळ राहायचं नाही. ते ह्या बाईंच्या हातात जायचंय. त्या तिथं वर एकट्या असतील, आणि तुझा अंगठा इथं खाली भाकरी मोडत असेल."

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," कावेरीबाई हलकेच म्हणाली. "पण बाब्यालाही घराबाहेर पडावं लागतंच."

भिवाने मान खाली घातली. ऐकलेले सगळे पटत होते, पण एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती. शेवटी त्याने विचारले,

"उस्ताद, झाकणं तर मी गेली सहा वर्षं बसवतोय. तुमच्या ठशाची किती पिस्तुलं गेली, त्यांतली निम्मी झाकणं माझ्या हातची. एकही परत आलं नाही. मग ह्याच वेळी कसं चुकलं?"

आता मान खाली घालायची पाळी म्हाताऱ्याची होती. त्याने त्या चिंधीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"ह्याच वेळी चुकलं नाही," तो म्हणाला. "दर वेळी चुकत होतं. तू जेवायला गेलास की मी त्या झाकणावरून कानस फिरवत होतो. दोन हात, कधी तीन. तू परत यायच्या आत कीस फुंकून टाकायचो. पहिल्यांदा वाटलं, पोर नवीन आहे, शिकेल. मग वाटलं, एवढ्या हौसेनं करतो, कशाला मन मोडायचं? मग सवयच लागली. ह्या पिस्तुलाला मात्र तू मला हात लावू दिला नाहीस, तेव्हा ते उघडं पडलं. तुझा अंगठा आठ दिवसांत सापडला, भिवा. माझा सहा वर्षं त्या झाकणांवर होता. तुला मी अर्धवट शिकवलं. दोष तुझा नाही."

अहो, काय वाटले असेल त्या भिवाला! एका अंगाने अपमान, की आपण केले म्हणून मिरवले ते आपले नव्हतेच. दुसऱ्या अंगाने सहाव्या दिवशी बोललेले आपलेच शब्द कानात वाजत होते. हा माणूस आपला मत्सर करतो, म्हणे! सहा वर्षे घाईघाईने कीस फुंकणारा म्हातारा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि त्याला हुंदका आवरेना. त्याने उस्तादाच्या पायांवर डोके ठेवले. उस्तादाने ते उचलले नाही, नुसता केसांवरून हात फिरवीत राहिला.

व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "ते सगळं खरं, पण माझ्या बहिणीचं काय?"

भिवाने डोळे पुसले आणि कावेरीबाईकडे वळला. "बाई, पंधरा दिवस थांबाल? झाकण नवं करतो. उस्तादांनी फक्त सांगायचं, कानशीला हात लावायचा नाही. आणि झाल्यावर मी एकदाही उडवून बघणार नाही. पहिला बार तुमच्या हातचा."

"तोवर बैलांच्या तांड्याबरोबर जाऊन येईन वर," ती म्हणाली. "ये म्हणून निरोप आलाय, तो पंधरा दिवस थांबणारा नाही. पिस्तूल मात्र तू म्हणतोस तसंच हवं."

त्या पंधरा दिवसांत भिवाने पाच झाकणे केली आणि चार मोडीत टाकली. उस्ताद शेजारी बसून सांगे, आणि सांगताना आपले हात मांडीखाली दाबून धरी. म्हाताऱ्याला ते किती जड गेले ते भिवाच जाणे. पाचवे झाकण बसले तेव्हा ते पिस्तूल आठ दिवस भिवाच्या कमरेला राहिले, घामात आणि मातीत, आणि त्याने ते पुसले नाही. त्यातले दोन दिवस घाटावरून परतलेल्या कावेरीबाईला बोलावून गार कशी बसवायची, दारू किती घालायची, ते तिला तिच्या हाताने करायला लावले. ठरल्या दिवशी सकाळी परसात एका बाजेवर गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसले. कावेरीबाई चिंचेखाली उभी राहिली. तिने बार भरला आणि चाप ओढला.

एक, दोन, पाच, दहा. प्रत्येक बार उडत होता. व्यापारी मोठ्याने मोजत होता. पंधरा. आणि सोळाव्या वेळी, खट्.

व्यापाऱ्याचे तोंड उघडेच राहिले. आणि त्याच क्षणी भिवाच्या शेजारी बाज करकरली. उस्ताद अर्धवट उठला होता. त्याचा म्हातारा हात आपसूक पुढे गेला होता, पिस्तुलाच्या दिशेने, तो अंगठा आणि ती दोन बोटे कानस धरावी तशी जुळवून. म्हाताऱ्याला स्वतःला ते कळलेही नव्हते.

भिवाने तो हात धरला. ओढला नाही, नुसता आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"उस्ताद, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "बघू या."

म्हातारा परत खाली बसला. भिवाने त्याचा हात सोडला नाही. चिंचेखाली कावेरीबाईने पिस्तूल डोळ्यांजवळ नेले. झाकण पाहिले, वाटी पाहिली, मग घोड्याच्या तोंडातल्या गारेवरून बोट फिरवले. त्या दोघांकडे तिने वळूनसुद्धा बघितले नाही.

"गार झिजलीय," ती स्वतःशीच म्हणाली. कमरेच्या पिशवीतून नवा तुकडा काढला, घोड्याच्या तोंडात बसवला, आवळला, चाप ओढला. बार उडाला. त्यानंतर तिने आणखी किती उडवले ते व्यापारी मोजायचे विसरला. पुरे वाटले तेव्हा तिने थांबून पदराने तोंड पुसले. उस्तादाने उठून नळीवर आपला ठसा उमटवल्यावर तिने पिस्तूल ओच्यात घातले, औषधांची पिशवी खांद्याला लावली, आणि भावाला "येते रे" म्हणून ती एकटी घाटाच्या वाटेला लागली.

पहिल्या वळणाआड ती दिसेनाशी होईपर्यंत दोघे गुरू-शिष्य पुन्हा बाजेवर बसून राहिले.

"जाईल ना रे नीट?" उस्तादाने विचारले.

"जाईल," भिवा म्हणाला. म्हाताऱ्याचा हात पुन्हा त्याच्या हातात होता.

ज्यांना जीव लावला त्यांच्यावरून आपला हात कधीतरी उचलावा लागतो, मंडळी. उचलल्यावर तो फार रिकामा वाटतो, म्हणून त्या वेळी तो कोणीतरी धरावा.